नानांचं जांभळं विमान

विमानात बसलेली माणसं जगात कोट्यवधी असतील, विमानं चालवणारीही हजारो असतील. पण एखाद्या विमान कंपनीवर, ती जणू आपल्या भावकीतलीच आहे अशी माया करणारा माणूस उभ्या पृथ्वीवर एकच झाला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. सगळा गोतावळा त्यांना नाना म्हणतो. यावल तालुक्यात त्यांचे केळीचे मळे आहेत, जळगावात घर आहे, आणि आवाज असा आहे की मोबाइल हे यंत्र त्यांना फक्त पलीकडच्याचं ऐकण्यापुरतं लागतं. त्यांचं बोलणं पलीकडच्याला तसंही पोचलं असतं. मी गेली कित्येक वर्षं जळगावच्या एका कॉलेजात नोकरी करतो आणि आमचं घर त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. ही हाक अर्थातच नानांची धरायची. साध्या माणसाच्या हाकेनं मोजलं तर रिक्षा करावी लागते.

रिक्षावरून आठवलं. नानांना कुठल्याही वाहनात बसण्याआधी चालवणाऱ्याची मुलाखत घेतल्याशिवाय चैन पडत नाही. "जेवन झालं का भो? रातची झोप झाली का?" हे दोन प्रश्न ठरलेले. उत्तर समाधानकारक आलं नाही तर नाना त्या वाहनात पाऊल ठेवत नाहीत. एकदा स्टेशनाबाहेर एका रिक्षावाल्यानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं की पोरगं आजारी आहे, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. झालं! नानांनी त्याला त्याच्याच रिक्षाच्या मागच्या सीटवर झोपायला लावलं, उशाशी केळ्यांची एक फणी ठेवली आणि दुसऱ्या रिक्षावाल्याला "याच्यावर ध्यान ठेव" असं बजावून त्याच्याच रिक्षातून घरी यायला निघाले. मग त्या दुसऱ्याच्या लक्षात आलं, की ध्यान ठेवायचं तर इथं थांबावं लागेल. शेवटी आम्ही तिसरी रिक्षा केली.

अशा माणसाच्या आयुष्यात विमान आलं ते त्यांच्या मुलीमुळे. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. तिला वाढवलं ते नानांच्या मोठ्या बहिणीनं, आमच्या अक्कानं. त्यामुळे मुलगी लांब गेली तेव्हा घरात दोन माणसं एकदम गप्प झाली, आणि त्यातलं एक नाना असल्यामुळे गल्लीला ते फारच जाणवलं. त्याच सुमारास जळगावहून बंगळूरला थेट विमान सुरू झालं. कंपनी नवीन होती, विमान लहान होतं, दोन बाजूंना दोन पंखे फिरणारं, आणि त्याची शेपटी पिकल्या जांभळासारखी जांभळी. तिकीट आगगाडीच्या वातानुकूलित डब्याशी बरोबरी करायचं. मुलीनं नानांचं तिकीट काढलं, आणि नाना गोंधळू नयेत म्हणून माझंही काढलं. गोंधळलो मीच. नाना सरळ विमानाच्या जिन्यापाशी गेले आणि दारात हात जोडून उभ्या असलेल्या पायलटला त्यांनी विचारलं, "जेवन झालं का भो? रातची झोप झाली का?"

पायलट दक्षिणेकडचा होता. त्याला शब्द कळले नसावेत, पण भाव नेमका कळला. तो टोपी काढून हसला आणि हिंदीत म्हणाला, "अच्छी नींद हुई, अंकल. आप बेफिक्र बैठिए." नाना मागे वळून मला म्हणाले, "चला जवाईबापू. मानूस चांगला आहे." 

त्या दिवशी नानांबरोबर एक अख्खा केळीचा घड होता. लेकीला बाजारची केळी खावी लागू नयेत, एवढाच त्यांचा हेतू. घड वरच्या कप्प्यात मावेना, सीटखाली जाईना. आता हा घड खाली उतरवतात की नानांना, या विचारानं मी खिडकीबाहेर बघू लागलो. पण विमानातली हवाईसुंदरी मोठी गमतीदार मुलगी होती. शेजारची जागा रिकामी होती. तिनं घड तिथं उभा केला आणि त्याला पट्टा बांधला. मागून एका गृहस्थानं इथं कुणी आहे का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "हो सर, पॅसेंजर आहेत." मग तिनं मराठीत घोषणा केली की जळगावहून निघतोय, बाहेरचं तापमान विचारू नका, ऐकून आणखी गरम होईल, आणि सगळ्यांना गुळाची चिक्की आणि पाणी वाटलं. बंगळूर येईपर्यंत विमानातल्या निम्म्या लोकांनी त्या घडाबरोबर फोटो काढले होते. उतरताना नाना मला म्हणाले, "घडाले बी मान दिला हो. अशी कंपनी पाह्यजे."

तेव्हापासून ती कंपनी 'आपली' झाली. तिचं खरं नाव नानांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. संध्याकाळी तिचं विमान आमच्या गच्चीवरून उतरायला जायचं, तेव्हा नाना अंगणातून वर बघत "आली आपली" म्हणायचे आणि मगच चहाला बसायचे. उशीर झाला तर चहा थांबायचा. लेक क्लासहून आली नाही म्हणजे बाप जसा फाटकापर्यंत जातो नि परत येतो, तशा त्यांच्या येरझाऱ्या चालायच्या. लग्नकार्यात ते वधूवरांना आशीर्वाद कमी आणि विमानाची माहिती जास्त द्यायचे. आमच्या शेजारच्या काकांचं बंगळूरला चिटपाखरूही नव्हतं. नानांनी त्यांना इतकं पटवलं की ते एके दिवशी खरोखर बंगळूरला गेले, तिथल्या विमानतळावर कॉफी प्यायले, एका लॉजवर झोपले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. कसं होतं म्हणून विचारलं तर म्हणाले, "जाणं फार छान होतं. येणंही छान होतं. मधलं काही कळलं नाही."

विमानतळावर तिकीट तपासायला साक्रीकडची एक मुलगी होती. बारीक, चुणचुणीत, जांभळ्या गणवेशातली. बोलायची अगदी शुद्ध, पण नानांनी दुसऱ्याच भेटीत तिचं गाव, वडिलांचं शेत, पाऊस किती झाला, भाऊ काय शिकतो, हे सगळं काढून घेतलं होतं. मग तिच्यासाठी डबा सुरू झाला. कधी उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी नि ठेचा, हिवाळ्यात भरीत. ती भरीत काउंटरखाली ठेवायची. पण भरताचा वास काउंटरखाली राहत नाही. रांगेतली माणसं बोर्डिंग पास घेताना "वांगी कुठली?" म्हणून विचारायची. बदल्यात ती नानांना सकाळीच फोन करायची, "नाना, आज विमान थोडं उशिरा आहे. घाई करू नका, जेवूनच या." कुठल्या कंपनीची माणसं असं सांगतात? नाना हा फोन स्पीकरवर टाकून ऐकायचे. खरं म्हणजे त्याची गरज नव्हती. पलीकडून ती बोलतेय हे त्यांच्या "व्हय पोरी" वरून साऱ्या गल्लीला कळायचंच.

या प्रेमकथेला विरोध करणारा माणूस एकच होता, आणि तो पडला लेकीचा सासरा. धुळ्याचे आमचे व्याही एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तरी रोज सकाळी धुळ्याच्या बसस्टँडवर एक फेरी मारून गाड्या वेळेवर सुटतात की नाही ते पाहून येतात. विमानाचं नाव निघालं की ते शांतपणे सुपारी कातरत म्हणायचे, "याही, तुमनं इमान ढगमा जास, आमनी येष्टी गावमा जास. मानसं गावमा ऱ्हातस, ढगमा नही." यावर नाना उसळून एसटीच्या खिडक्यांच्या फुटक्या काचांचा विषय काढायचे. व्याही विमानातल्या कोंडलेल्या हवेवर घसरायचे. दोघांच्या बायका हयात असत्या तर त्यांनी हे भांडण मिटवलं असतं. तशा त्या नसल्यामुळे ते दर सणाला ताजं राहिलं.

मग हळूहळू कंपनीचं काहीतरी बिघडू लागलं. पहिल्यांदा चिक्की गेली. नाना म्हणाले, "बरंच झालं, दातात अडकायची." नंतर पाणी विकत झालं. नाना म्हणाले, "मानसं निम्मी बाटली टाकून द्यायची, नासाडी व्हायची." मग खिडकीशी बसायचे वेगळे पैसे, पुढे बसायचे वेगळे, सामान जरा जड झालं की त्याचे वेगळे. घड आता मालाच्या कप्प्यात टाकावा लागे आणि बंगळूरला तो भरतासारखा होऊन उतरे. नाना म्हणाले, "पोरगी मोठी झाली म्हनजे खर्च वाढतोच." घोषणा करणारी ती गमतीदार मुलगी दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी रेकॉर्ड केलेला एक गुळगुळीत आवाज आला, त्याला जळगावच्या उन्हाशी काही घेणं नव्हतं. पेपरात यायचं, की कंपनीनं परदेशी जाणारी मोठमोठी विमानं घेतली, वरचे साहेब बदलले, नवे साहेब आले. जळगावचं जुनं पंख्याचं विमान मात्र आठवड्यातून कधी यायचं, कधी यायचं नाही. आम्ही काही बोललो की नाना एखाद्या वाया चाललेल्या मुलाच्या बापासारखे चिडायचे. "पोरगं वाईट नाही हो. संगत वाईट लागली."

साक्रीच्या मुलीलाच आता विमान कधी येणार ते कळत नसे, त्यामुळे तिचे फोनही बंद झाले. चौकशीसाठी थेट मुंबईच्या क्रमांकावर फोन करायचा आणि तिथं यंत्र बोलायचं. नानांनी पहिल्यांदा हा फोन लावला तेव्हा मी समोर होतो. यंत्रानं गोड आवाजात स्वागत केलं, मराठीसाठी तीन दाबा म्हणून सांगितलं. नानांनी दाबलं आणि सवयीनं विचारलं, "बाई, जेवन झालं का तुमचं?" यंत्र म्हणालं, "क्षमा करा, मला समजलं नाही." नानांनी हळू, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, पुन्हा विचारलं. यंत्र म्हणालं, "क्षमा करा, मला समजलं नाही." नानांनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "जेवन नसेल झालं. सांगायले लाजते बिचारी." मग पुढचा बराच वेळ ते तिला आपलं विमान नियमित नसल्यानं काय काय होतं ते समजावून सांगत राहिले, आणि ती मधूनमधून क्षमा मागत राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाले, "मानूस नम्र आहे. पन हातात काही दिसत नाही तिच्या."

हे सगळं असं हसण्यावारी चाललं होतं. आणि लेकीला मुलगी झाली. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती, डॉक्टरही झाले होते, नवसही झाले होते. सगळ्यांनी विचारणं सोडून दिल्यावर ही पोरगी आली. बारसं बंगळूरलाच ठरलं. लेकीनं फोनवर एकच सांगितलं, "नाव अक्का ठेवेल. पाळण्याशी दुसरं कुणी उभं राहायचं नाही."

अक्का ऐंशीच्या घरातली. आगगाडीचा लांबचा प्रवास आता तिच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. विमान हाच उपाय, आणि अक्का तर पापड वाळवायलासुद्धा गच्चीवर जायची नाही. म्हणायची, "पाय जमिनीवर नाही म्हनजे जीव बी नाही." नानांनी तिची किती दिवस मनधरणी केली! घरातल्या खाटेवर तिला बसवून, समोर पंखा लावून, "हे पाह्य, असंच राह्यतं, याच्यापेक्षा जास्ती काही नाही," असा सरावही करून घेतला. शेवटी अक्कानं विचारलं, "तू सांगतो म्हनून बसते. नेशील ना मले वेळेवर तिच्यापाशी?" नाना म्हणाले, "अक्का, आपली कंपनी आहे. माह्या शब्द आहे." लगेच त्यांनी धुळ्याला फोन लावला. व्याही संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला आणि तिथून आगगाडीनं बंगळूरला जाणार होते. बारशाच्या सकाळी पोचणार होते. नानांचं विमान व्याही निघणार त्याच दिवशी दुपारी होतं. "याही," नाना ओरडले, "तुम्ही पुन्याच्या पुढं सरकाल तव्हर मी नातीले मांडीवर घेऊन बसेल असेन!"

विमानतळावर त्यांना सोडायला मीच गेलो. अक्का नवं लुगडं नेसून, डिंकाच्या लाडवांचा डबा फडक्यात बांधून, तो मांडीवर घट्ट धरून बसली होती. सकाळपासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता. वर गेल्यावर पोटातलं हललं तर काय, म्हणून. विमानाची वेळ झाली. टळली. फळ्यावरची वेळ पुढे गेली, आणखी पुढे गेली. दुपारी एकदम सगळ्यांच्या खिशातले मोबाइल वाजले. तांत्रिक कारणास्तव उड्डाण रद्द. पुढचं विमान कधी, त्याबद्दल अवाक्षर नाही.

मग जे व्हायचं ते झालं. काउंटरवर साक्रीची मुलगी एकटीच होती. तिचे साहेब फोन लावतो म्हणून आत गेले ते गेलेच. माणसं तिच्या अंगावर धावून गेली. कुणाची मुलाखत होती, कुणाचं ऑपरेशन होतं, कुणी नुसताच आवाज चढवायला आला होता. एका धिप्पाड गृहस्थानं काउंटरवर अशी थाप मारली की कॉम्प्युटरचा पडदा कलला. आणि त्या गर्दीतून नाना पुढे निघाले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण तसा चेहरा पाहिला नव्हता. अक्काला दिलेला शब्द त्यांच्या कपाळावर लिहिलेला दिसत होता.

नाना ओरडले. आजवरचा त्यांचा आवाज हा त्यांचा बोलण्याचा आवाज होता, हे मला त्या दिवशी कळलं. "काबरं फोन केला नाही तू मले? सकायीच सांगती तर मी दुसरी सोय करतो! माह्या बहिनीले बसवून ठेवलं उपाशी! हेच शिकवलं का तुले कंपनीनं?"

ती मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. इतका वेळ बाकीच्यांना ती शुद्ध मराठीत "सर, कृपया सहकार्य करा" म्हणत होती. ते सगळं तिच्या तोंडून गळून पडलं. ती म्हणाली, "नाना, मना हातमा काहीच नही शे. माले बी आतेच कळनं. वर कोनीच फोन उचलत नही." आणि ती रडू लागली.

नाना जागच्या जागी थांबले. मागून अक्काचा आवाज आला. ती काठी टेकत कधी उठून आली होती ते कुणालाच कळलं नव्हतं. "पोरीवर काबरं वरडून राह्यला? ती चालवते का तुह्यं इमान?" अक्कानं सरळ काउंटरच्या मागे जाऊन तिला खुर्चीवर बसवलं आणि आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले. मग नाना वळले, काउंटरला पाठ लावली आणि त्या धिप्पाड गृहस्थाला म्हणाले, "आता जे बोलायचं ते माह्याशी बोला. मी कंपनीचाच मानूस आहे."

त्या गृहस्थाला ते खरं वाटलं. पुढचा सगळा वेळ लोक नानांवर ओरडत होते आणि नाना सगळ्यांची माफी मागत होते. ज्याचं ऑपरेशन होतं त्याला त्यांनी भुसावळहून सुटणारी गाडी सुचवली, मुलाखतवाल्याला स्वतः त्या ऑफिसात फोन लावून दिला, आणि नुसताच आवाज चढवायला आलेल्याला त्याहून मोठा आवाज ऐकवला. तेवढ्यात मी बाजूला जाऊन बंगळूरच्या आगगाडीची चौकशी केली. त्या दिवसाची गाडी गेलेली, दुसऱ्या दिवशीची बारशानंतर पोचणारी. एकच रस्ता उरला होता, आणि तो धुळ्याच्या बसस्टँडवरून जात होता. हे नानांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. मी नानांना न विचारता व्याह्यांना फोन लावला.

मला वाटलं होतं, पलीकडून हसू येईल. व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अक्का जेवनी का?" मी नाही म्हणालो. "मंग पारोळाले थांबीसन तिले काही खावाडा. गाडी मी धरी ठेस."

आमची गाडी एरंडोल, पारोळा करत धुळ्याकडे निघाली. नाना पुढच्या सीटवर बसून होते, आणि गाडीत बसताना त्यांनी ते ठरलेले दोन प्रश्नही विचारले नव्हते. मागे अक्कानं डबा उघडून लाडू खाल्ला, मलाही दिला, नानांपुढेही हात केला. त्यांनी मान हलवली. आम्ही बसस्टँडवर शिरलो तेव्हा पुण्याची गाडी केव्हाच सुटायला हवी होती. ती सुटली नव्हती, कारण तिच्या नाकासमोर आमचे व्याही उभे होते. आतले प्रवासी खिडक्यांतून ओरडत होते, चालक हॉर्न वाजवत होता, नवा तरुण नियंत्रक कपाळाला हात लावून बाकावर बसला होता. आणि आयुष्यभर एकाही प्रवाशासाठी एसटी न थांबवणारा हा माणूस, हातात छत्री आडवी धरून, एकेकाला सांगत होता, "नातनं बारसं शे, भाऊ. नातनं बारसं शे."

अक्काला दोघांनी उचलूनच चढवलं. नाना पायरीवर थबकले. व्याह्यांकडे न बघता म्हणाले, "बोला याही. काय बोलायचं ते बोला."

व्याह्यांनी छत्री मिटली. "काय बोलू? आमनी येष्टीबी संपमा सहा महिना बंद पडेल व्हती. बठ्ठासनं असंच व्हस, कोनीबी सुटत नही. चढा."

पुढचं मला अक्काकडून कळलं. पुण्याहून पुढच्या गाडीत व्याह्यांची एकट्याची जागा होती. तिथं अक्का झोपली आणि हे दोघे व्याही दिवसभर, रात्रभर दाराजवळ सामानावर बसून गेले. बारशाच्या सकाळी तिघं पोचले. अक्काचे गुडघे सुजले होते, पण नाव तिनं उभ्यानंच ठेवलं. लेकीनं तिच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली तेव्हा अक्का म्हणाली, "रडू नको. तुह्या बापानं आनलं मले. शब्द दिल्ला व्हता त्यानं." नाना हे ऐकून गॅलरीत गेले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले, असं व्याही सांगतात. नाना म्हणतात, ते तिथून विमानं बघत होते.

कंपनीनं त्यानंतर थोड्याच दिवसांत जळगाव सोडलं, आणि पुढे ती बंदच पडली. पेपरात तिच्याबद्दल काय काय छापून येई. पानाच्या दुकानावर लोक तिला शिव्या घालत, पैसे अडकलेले तर खासच. नाना कधी त्यात सामील झाले नाहीत. विषय निघाला की पान तोंडात टाकून हळूच निघून जायचे. साक्रीची मुलगी आता धुळ्याला एका दवाखान्यात काउंटरवर असते. तिच्या लग्नाला नाना अक्काला घेऊन गेले, व्याह्यांबरोबर, एसटीनं. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा नाना तिला म्हणाले, "मी वरडलो त्या दिवशी. ते मनात ठेवू नको." ती म्हणाली, "नाना, त्या दिवशी माझ्या बाजूनं उभं राहिलेलं एकच माणूस मला आठवतं." नानांनी मागे वळून बघितलं. बहुधा दुसरं कुणी उभं आहे का ते पाहायला.

गेल्या हिवाळ्यात नातीच्या वाढदिवसाला नानांना आणि मला पुन्हा बंगळूरला जायचा योग आला. विमान दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या गावाहून सुटणारं. सगळं चकचकीत, वेळेवर, आणि कुणाला काही विचारायची सोय नसलेलं. पायलटचं दार आधीच बंद होतं. बंगळूरला उतरून विमान धावपट्टीवरून हळूहळू वळत असताना नाना एकदम माझ्या अंगावरून खिडकीकडे वाकले. पार टोकाला, कुंपणाजवळच्या वाळल्या गवतात, एक लहान विमान उभं होतं. पंखे दोरीनं बांधलेले, इंजिनांच्या तोंडावर फडकी, चाकं अर्धी बसलेली. शेपटी जांभळी होती, म्हणजे होती असं म्हणायचं; उन्हानं आणि धुळीनं तिचा रंग उडाला होता.

नानांनी जवळून जाणाऱ्या हवाईसुंदरीला विचारलं, "बाई, त्या इमानापाशी कोनी राह्यतं का?"

"सर, ते विमान सेवेत नाही," ती नम्रपणे म्हणाली. "कृपया पट्टा काढू नका."

नानांनी पट्टा काढला नव्हता. ते वाकून बघत राहिले. आमचं विमान वळलं आणि मध्ये एक इमारत आली. मग ते मागे टेकले आणि, मी पहिल्यांदाच ऐकत होतो अशा, अगदी हळू आवाजात मला म्हणाले,

"धुयीनं माखलं हो पार. कोनी पानी तरी माराले पाह्यजे व्हतं त्याच्यावर."